काठाच्या टोकाचे कमळ

एकदा एक वृद्ध गुरू होता. संगणकाला साध्या मराठीत आज्ञा देता याव्यात म्हणून त्याने एक छोटीशी भाषा रचली होती, आणि त्या आज्ञा ओळीओळीने वाचून संगणकाकडून काम करवून घेणारा एक दुभाषीही घडवला होता. त्या दुभाष्याची देखभाल त्याचा शिष्य करी. पोरगा हुशार, हाताचा चपळ. फक्त जरा घाईचा.

शेजारची एक विणकर बाई याच भाषेत पैठणीच्या काठाची नक्षी मांडायची. मोर, कोयरी, कमळ अशी लांब माळ करायची आणि तिच्यातून हवा तेवढा तुकडा काढून घ्यायचा, अशी तिची रीत. एके दिवशी ती आली ती रुसूनच. माळेतली शेवटची तीन चित्रे मागितली की दुभाषी दोनच देई. टोकाचे कमळ गळून जाई. हीच खोड शिष्याने दिवाळीत एकदा दुरुस्त केली होती. पुढे दुसरे काही सुधारताना ती कधी परत शिरली, ते त्याला कळलेही नाही.

"तुमच्या दुभाष्याला कमळ फार आवडतं वाटतं," बाई म्हणाली. "दोनदा खाल्लं. आता पुन्हा खाल्लं, तर मी आपली चौकटीच्या कागदावर बरी."

शिष्य वरमला. त्या भाषेत जीव लावून काम करणारी ती एकटीच होती. त्याने चूक शोधून दुरुस्त केली, कमळ जागेवर आले. खोड पुन्हा शिरलीच तर वेळेवर कळावी म्हणून त्याने दुभाष्याकडून तुकडे मागून ते बरोबर येतात का हे आपोआप तपासणाऱ्या काही चाचण्याही लिहिल्या: माळेच्या सुरुवातीचा तुकडा, मधला तुकडा, जरा मोठा तुकडा. पडद्यावर उमटले, 'सर्व बरोबर'. त्याने मोठ्या उमेदीने गुरूला दाखवले.

गुरूने शांतपणे, बाईच्या देखत, ती दुरुस्तीच पुसून टाकली. म्हणाला, "आता चालव तुझ्या चाचण्या."

बिचाऱ्याला काही उमगेना. त्याने चालवल्या. कमळ पुन्हा नाहीसे झाले होते, आणि पडदा म्हणत होता, 'सर्व बरोबर'.

गुरूने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बाळा, चोर आला मागच्या दाराने आणि तू कुत्रे बांधलेस सगळे पुढच्या दाराशी. तुझी दुरुस्ती चोख होती रे. पण उद्या तू नसशील, मी तर नसेनच; कुणाचा तरी हात लागेल आणि खोड परत येईल. तेव्हा राखण करायची ती या चाचण्यांनी. म्हणून चोराला एकदा मुद्दाम आत सोडावं आणि कुत्रा भुंकतो का, ते ऐकावं."

शिष्य खाली बसला. शेवटून तीन चित्रे मागणारी चाचणी लिहिली आणि दुरुस्ती परत न घालताच ती चालवली. पडद्यावर आले, 'चूक. कमळ नाही.' त्याला हसूच फुटले.

"चुकलं म्हणतोय, आणि हसतोस काय रे?" बाईने विचारले.

"मावशी, कुत्रा भुंकला."

मग त्याने दुरुस्ती परत घातली; कुत्रा निवांत झाला. बाई उठू लागली तर त्यानेच तिला थांबवले. शेवटचे एकच चित्र मागितले तर? अख्खी माळ मागितली तर? माळ रिकामीच असली तर? एकेका दाराशी तो सावकाश जाऊन येत होता. गुरूने बाईपुढे चहाचा कप सरकवला. आज पोराला घाई नव्हती.

ज्या राखणदाराची हाक आपण एकदाही ऐकली नाही, त्याच्या भरवशावर निजू नये.