दौलतची आठची गाडी

निमशेत गावात एक भोळा पदवीधर राहत होता. नाव दौलत ढोबळे. बी.ए. झालेला, भांग नीट पाडलेला आणि सांगितलेलं तंतोतंत ऐकणारा. इतकं ऐकणारा माणूस गावाला परवडत नव्हता.

त्याला एमबीएला जायचं होतं. म्हणजे तो जावा असं त्याच्या अक्काला वाटत होतं. आईवडिलांमागं तिनंच त्याला वाढवलं होतं, स्वतःची शाळा नववीत सोडून, ब्लाउज शिवून. प्रवेश परीक्षेत तो दोनदा आपटला होता आणि दोन्ही वेळा शाब्दिक गणितांनीच त्याला पाडलं होतं. ही तिसरी आणि शेवटची खेप, असं अक्कानं बजावलं. यंदा नाही जमलं तर घरी बसून हुक-काजं करायची. मग तिनं त्याला तालुक्याला मुळे सरांच्या क्लासला घातलं.

पहिल्या दिवशी सरांनी गणित दिलं. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा बारा तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ लागेल?

दौलत गावी आला, गुरांच्या हौदावरचे बोअरचे दोन्ही नळ सोडले आणि घड्याळ घेऊन कट्ट्यावर बसला. हौद अर्ध्या तासात भरला. पण उत्तर तासांत हवं होतं, म्हणून तो बसूनच राहिला. संध्याकाळी सरपंचांच्या कांदाचाळीतला कांदा पोहायला लागला.

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, गणितातलं खरंच करायचं नसतं. कागदावर करायचं. कागदावर झालं की झालं."

दौलतनं हे वहीत उतरवून घेतलं.

निमशेतात घरच्या नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही तासभर. त्या दिवशी अक्का अस्तराचं कापड आणायला निघाली आणि जाताना पिंप भरून ठेवायला सांगून गेली. परत आली तर पाणी गेलेलं, पिंप कोरडं ठणठणीत आणि दौलत खुशीत. त्यानं पिंप कागदावर भरलं होतं, बावीस मिनिटांत. दोन दिवस शेजाऱ्यांच्या हंड्यावर काढावे लागले. अक्का म्हणाली, तो कागद चुलीत घाल, जरा घराबाहेर पड, चार माणसांना विचारून बघ.

दौलतनं तेही उतरवून घेतलं.

पुढचं गणित वयाचं होतं. बापाचं वय मुलाच्या तिप्पट, दहा वर्षांनी दुप्पट होईल, तर आज दोघांची वयं किती? दौलत घराबाहेर पडला आणि आळीतल्या एकेका बापाला विचारत सुटला. महादू गवंडी तिप्पट निघाला, पण दहा वर्षांनंतरची हमी देईना. आपण बिडी ओढतो, उद्याचं सांगता येत नाही, असं तो म्हणाला. दौलतनं उत्तराच्या जागी तेच लिहिलं.

सर या वेळी जरा मोठ्यानं बोलले. प्रश्नात दिलंय तेवढंच धरायचं, बाहेरचं काही धरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कानं त्याच्याकडे ब्लाउज दिला. शेवंताबाईंच्या घरी नेऊन दे, त्यांच्या लेकीचा साखरपुडा आहे. शेवंताबाई वाटेतच भेटल्या, कार्यालयाकडे निघालेल्या. त्यांनी हात पुढं केला.

"नाही देता येणार, काकू," दौलत म्हणाला. "प्रश्नात तुम्ही घरी आहात."

तो त्यांच्या घरी गेला आणि कुलपासमोर दिवेलागणीपर्यंत बसला. शेवंताबाईंनी साखरपुडा जुन्या ब्लाउजवर उरकला. त्या काय काय बोलल्या ते अक्कानं ऐकून घेतलं आणि मग दौलतला समोर बसवलं. "काम जागच्या जागी उरकत असेल तर उगाच पायपीट करायची नाही. कळलं?"

दौलतला कळलं. वहीत लिहिलंसुद्धा.

परीक्षेचा दिवस उजाडला. अक्काला लग्नघरी कपडे पोचवायचे होते. तिनं दौलतला इस्त्रीचा शर्ट दिला, हातावर दही ठेवलं आणि निघताना नीट समजावलं. परीक्षेचं ठिकाण साठ किलोमीटरवर आहे, गाडी आठची आहे, ती तासाला चाळीस किलोमीटर जाते आणि पावणेदहाला फाटक बंद होतं. कधी पोचतोस त्याचा हिशेब कर.

दौलतनं वही उघडली. सरांचं आणि अक्काचं म्हणणं आज पहिल्यांदाच एकमेकांशी जुळत होतं.

अकरा वाजता अक्का परत आली. दौलत उंबऱ्यावर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात हॉल तिकीट ठेवून. गाडी चुकली का, तिनं विचारलं.

"छे. मी साडेनऊला पोचलो, अक्का. फाटक बंद व्हायच्या आधी पंधरा मिनिटं."

त्यानं वही पुढं केली. अक्कानं बोटांवर मोजून पाहिलं. उत्तर बरोबर होतं. तीन वर्षांतलं त्याचं पहिलं बरोबर उत्तर. ती त्याच्या शेजारी मटकन बसली. आधी तिला रडू आलं, मग हसू आलं, आणि मग दोन्ही एकदमच. जरा वेळानं पदरानं डोळे पुसून तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ऊठ, दौल्या. दोन घास खाऊन घे."

"आत्ता कसं खाऊ?" दौलत म्हणाला. "पेपर बाराला सुटतो. मी दीडला घरी येईन, तेव्हा वाढ."