तोरणाखालचा लोखंडी बैल

पोळ्याला तोरणाखालून पहिलं जाण्याचा मान बापूसाहेब पाटलांच्या बैलाचा. घरी ट्रॅक्टर आला, बैल विकले, तरी मान काही सुटेना. म्हणून त्यांनी बाजारातून एक देखणा, पांढराशुभ्र बैल आणला आणि त्याच्यावर झूल चढवली.

गावात राबते बैल आता उरले नव्हते. यंदा गावाने मान दिला भिवसन लोहाराच्या बैलाला. लोकांनी उकिरड्यावर टाकलेले फाळ, विळे, खुरपी जोडून त्याने तो घडवला होता. तरण्या पोरांनी तो हातगाडीवर चढवून वेशीपाशी आणला.

बापूसाहेब आडवे आले. "भंगाराला मान? वर्षभर राबलेला बैल पुढे जातो, ही रीत आहे. हा कधी शेतात गेलाय का?"

"रीत बरोबर आहे," भिवसन म्हणाला. "जू घासून बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो. काल खांदमळणीला त्यावर हळद-लोणी चोळलंच असेल. तेवढा घट्टा दाखवा."

झूल उचलली. खांदा रेशमासारखा मऊ. लोक हसायला लागले, तेव्हा भिवसननेच त्यांना गप्प केलं. "मुक्या जनावराला हसू नका. त्याला कुणी शेत दाखवलंच नाही. माझा मात्र गावच्या एकेका शेतात झिजलाय."

"आमच्याही?" बापूसाहेबांनी हळूच विचारलं.

"त्याचं कपाळ बघा. तुमच्या आबांच्या नांगराचा फाळ आहे तो."

बापूसाहेबांनी फाळावरून हात फिरवला आणि आपल्या बैलाचा कासरा मागे ओढला.