निळीचे बारा माठ आणि उंबरठ्यावरची म्हातारी

एका राज्यात एक रंगारी होता आणि त्याची मान सदा खाली असे. शरमेनं नव्हे, शरम त्याला ठाऊक नव्हती. निळीचे बारा माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले आणि हा उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत त्यांत वाकलेला. अशी चाळीस वर्षं गेली. वर आभाळ असतं हे त्याला ऐकून माहीत होतं. नाव गोंदाजी. बायकोचं नाव भागाई. तिची मान सरळ होती, आणि जीभही.

आता निळीचा माठ म्हणजे लहरी जनावर. चुना घाला, गूळ घाला, टाकळ्याचं बी शिजवून घाला. मनात आलं तर आंबतो, वर तांबूस फेस धरतो. नाही आलं तर नाही. मग कापड बुडवा, चिखल हाती येतो. अशा वेळी काय करायचं, हे त्या राज्यातल्या रंगाऱ्यांना बापजाद्यांपासून ठाऊक होतं. बाजारात जायचं आणि एक जबरी थाप मारायची. ऐकणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली की इकडे माठ सुधारलाच. का सुधारतो, ते माठाला विचारा.

एके वर्षी बाराच्या बारा माठ एकदम बिघडले. गोंदाजी बाजारात गेला.

"माझ्या बैलानं अंडं घातलं," तो म्हणाला.

"गेल्या साली म्हशीनं घातलं होतं," लोणचंवाली म्हणाली, आणि गिऱ्हाइकाकडे वळली. माठ तसेच.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं की विहिरीच्या तळाशी दुसरा बाजार भरतो आणि तिथलं लोणचं बरं असतं. लोणचंवालीनं त्याला हाकलून दिलं. माठ तसेच.

तिसऱ्या दिवशी गोंदाजी चिडला. चिडलेल्या माणसाची थाप वाईट. चौकात उभा राहून ओरडला, "ऐका रे! हे वरचं आभाळ देवानं केलेलं नाही. माझ्या आज्यानं केलं, माझ्या ह्या माठांत बुडवून! मोर, पोपट, रान, फुलं, सगळं आमच्या घरचं काम. देवाला रंगातलं कळतंय काय?"

बाजार थिजला. लोणचंवालीचा हात बरणीत राहिला. एका म्हाताऱ्यानं कानांवर हात ठेवले ते काढलेच नाहीत. आणि तिकडे बारा माठांवर तांबूस फेस चढला.

इथवर ठीक होतं. पण त्या वाटेनं राजा वज्रध्वज हत्तीवरून चालला होता, आणि त्या मूर्खाला ते खरं वाटलं.

"रंगाऱ्या, आकाश तुझ्या घरचं?"

थाप आहे म्हणावं, तर माठ पुन्हा बिघडणार. शिवाय गोंदाजीला ते ऐकायला बरं वाटत होतं. "होय, महाराज."

"तू माझी प्रजा. तुझं ते माझं. शिळा लावा."

राजाचा मांत्रिक कुंभकेतू ह्यानं वेशीत शिळा उभी केली. तिच्यावर कोरलं: हे आकाश, हे रान, हे सर्व रंग राजा वज्रध्वजाच्या आज्ञेने गोंदाजी रंगाऱ्याने केले. मग मांत्रिकानं शिळेवर तीनदा फुंकर घातली. आता ते अक्षर छिन्नीनं जाणार नव्हतं, पाण्यानं जाणार नव्हतं. ज्याचं नाव, त्याच्याच तोंडानं जायचं.

दुसऱ्या दिवशी गोंदाजी उठला आणि त्याला वाटलं आपले डोळे गेले. अंगणातली जास्वंद राखेसारखी. गवत राखेसारखं. कोंबड्यानं आरवायला चोच उघडली ती तशीच उघडी, कारण सूर्य वर आला होता पण पालथ्या टोपासारखा. गोंदाजीनं चाळीस वर्षांत पहिल्यांदा मान वर केली. आभाळाच्या जागी धुणं पिळून उरलेलं पाणी होतं.

"अहो," चुलीपाशी बसलेली भागाई म्हणाली, "बाजारात काय बोललात?"

"नेहमीचंच. थाप मारली."

"कुणावर?"

तो पागोटं सारखं करू लागला.

"देवावर?"

"माठ सुधारले ना!"

"माठ सुधारले. आणि हे बघा." तिनं हात पुढे केला. हाताच्या आरपार चुलीतला जाळ दिसत होता.

गोंदाजी खाली बसला.

कुंपणाच्या खांबावर एक चास पक्षी होता. मातकट, जाड मानेचा, रोज तिथंच बसणारा. कुणी त्याच्याकडे बघत नसे. तो म्हणाला, "गोंदाजी, रंग गेला की वस्तू विरत जाते. थाप मारणाऱ्याच्या घरापासून सुरुवात. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडाला की ही नसेल. मग गाव. मग सगळंच."

"रंग नेले कुणी?"

"जिचे होते तिनं. मला पागोट्यावर घे आणि चाल."

चास पागोट्यावर बसला की पाऊल कोसभर पडतं. गोंदाजी चालला. "तू उडत का नाहीस?" त्यानं विचारलं. "माझी मर्जी," चास म्हणाला.

जिथं आभाळ भुईला टेकतं तिथं एक उंबरठा आहे. साधा दगडी, मधोमध झिजलेला. त्यावर जगाकडे पाठ करून एक म्हातारी बसली होती. लुगडं विटकं, बोटांची टोकं रांगोळीनं फुटलेली, भोवती करवंट्या पालथ्या पडलेल्या.

"कोण ते?"

"गोंदाजी रंगारी."

"अगोबाई! आभाळवाला!" म्हातारी वळली. "ये बाबा, ये. बरा हात चालला हो तुझ्या आज्याचा. मी आपली रोज पहाटे उठते, कालचं झाडते, सडा टाकते, पुन्हा पहिल्यापासून काढते. डोंगराची कड. पोपटाची मान. चिंचेचं फूल एवढंसं, त्यावर तांबडी रेघ, केसाएवढी. कोण बघतं तिला? तू बघितलीस कधी?"

"नाही."

"तुझ्याच अंगणात चिंच आहे. नाही बघितलीस तरी मला राग नव्हता. बघत नाहीत म्हणून मी रेघ कधी चुकवली नाही. पण खाली नाव दुसऱ्याचं कोरलं. तेव्हा म्हटलं, काढू दे त्यालाच."

"आई, माझी बायको विरतेय."

म्हातारीनं बोटं लुगड्याला पुसली. मग तिनं तीन करवंट्या पुढे सरकवल्या. "पिवळी, तांबडी, निळी. भरून आण. मी दिसत होतं तेवढं पुसलं. झाकलेलं असेल ते राहिलं असेल."

"आणि हिरवी?"

"हिरवा मी करते. मला शिकवायला आलास होय रे?"

झाकलेलं पिवळं म्हणजे सोनं, हे गोंदाजीला लगेच सुचलं. भागाईच्या शेताच्या बांधाला वारूळ होतं आणि त्याखाली सोन्याचे सात हंडे. त्यांवर शाप होता: हात लावील त्याचा दगड होईल. वर नाग बसलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदाजी तिथं हात जोडून उभा राहिला.

"ने," नाग म्हणाला.

"आणि शाप?"

"शाप सोन्यावर होता. हे सोनं आहे का बघ."

सातही हंड्यांत करड्या खड्यांचे ढीग होते. नदीत पायानं उडवावेत तसले. "हजार वर्षं राखलं रे मी हे," नाग म्हणाला आणि रडू लागला. गोंदाजीनं नाग रडताना कधी पाहिला नव्हता; तो दोन पावलं मागे सरला. "जाताना एवढं कर. माझ्या शेपटीखाली कसलं मूळ टोचतंय, ते उपट."

गोंदाजीनं माती उकरली. वेडंवाकडं मातकट बोट हाती आलं. त्यानं ते मोडलं. कट्ट आवाज झाला आणि आतून पिवळा असा उसळला की गोंदाजी पाठीवर पडला. हळकुंड! नागानं फणा मिटून घेतला. जगात दुसरा रंगच नव्हता आणि हा एवढा! मातीच्या आत, अंधारात, कुणासाठी भरून ठेवला होता? चाळीस वर्षं रंगात हात घातलेला माणूस उताणा पडून त्या हळकुंडाकडे बघत राहिला.

"भर करवंटीत आणि चल," चास म्हणाला. "बायको विरतेय ना तुझी?"

घरी आला तर भागाई दिसेना. "भागे!"

"ओरडू नका. इथंच आहे." पाट्यावरचा वरवंटा आपोआप हलत होता. बारकाईनं बघितलं तेव्हा काचेसारखी कड दिसली, खांद्याची. "झाकलेलं तांबडं हवं ना? बायकांना विचारावं. मेंदी वाटतेय."

राखेसारखा पाला, राखेसारखा लगदा. तिनं तो तळव्यावर थापला. दोघं बसून राहिली. दुपार कलल्यावर तिनं लगदा झटकला आणि हवेत, काहीच नाही तिथं, एक लालभडक तळवा उमटला. सगळ्या घरात तेवढी एकच वस्तू दिसत होती.

"घ्या. ओल्या फडक्यानं टिपून घ्या करवंटीत."

"तेवढीच दिसतेयस तू."

"मग काय, तळवा घेऊन बसणार आहात? टिपा."

त्यानं टिपलं. एकेक बोट गेलं. शेवटी करंगळी गेली. मग घरात नुसता आवाज उरला: "रडताय कशाला? निळा तर तुमच्या दारातच आहे."

तेच गोंदाजीच्या मनात होतं. तिसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं पहिल्या माठात कापड बुडवलं. माठ सुधारलेला, वर फेस. कापड पिळून काढलं, वाऱ्यावर धरलं आणि वाट बघितली. कापड करडंच राहिलं. दुसरा माठ. तिसरा. बाराव्या माठाचं कापड त्याच्या हातात लोंबत होतं आणि ते गटारात धुतल्यासारखं होतं.

"चासा, निळा कुठं आहे?"

"माझ्यापाशी."

गोंदाजी उडालाच. "तुझ्यापाशी? अरे, मग तीन दिवस..."

"पंखाखाली मिटलेला आहे. उडालो तरच दिसतो. आणि तुझी थाप शिळेवर उभी असेपर्यंत मी पंख उघडणार नाही. दोन रंग आणलेस, शाबास. तिसरा हातांनी यायचा नाही."

गोंदाजी तिन्ही करवंट्या घेऊन वेशीकडे धावला. सूर्य डोंगराला टेकायला आला होता. बाजार सगळा काचेचा झाला होता; माणसं एकमेकांवर आपटत होती. राजा वज्रध्वज हत्तीवर बसून शिळेपाशी आला होता आणि त्याच्या पोटात सकाळची खीर दिसत होती.

"रंगाऱ्या, तू रंगवलंस. पुन्हा रंगव."

"महाराज, थाप होती."

"काय!"

"आभाळ माझं नाही. आज्याचंही नाही. त्याला तर धोतराचा काठ धड रंगवता येत नव्हता." गोंदाजी बाजाराकडे वळला. "आणि ऐका सगळे. माझ्या माठातला निळासुद्धा माझा नाही! माठातून कापड निघतं ते हिरवट. मग त्याला वारा लागतो आणि ते निळं होतं. मी नुसता धरून उभा असतो. चाळीस वर्षं बघतोय. करतो कोण तर वारा, आणि नाव लावतो मी."

रंगाऱ्यांचं हे गुपित कुणी कधी बोललं नव्हतं. दुसरे रंगारी मटकन खाली बसले. बारा माठ बारा आवाज करून तडकले, ते वेशीपर्यंत ऐकू आलं.

"मुंडकं उडवा ह्याचं!" राजा ओरडला. जल्लादानं तलवार उचलली आणि तशीच धरून राहिला. गोंदाजीची मान कुठं आहे तेच त्याला दिसेना.

तेवढ्यात शिळेवरचं अक्षर गळून पडलं, वाळलेला चुना गळतो तसं. शिळा कलली, आडवी पडली, आणि बघतात तर तिच्यावर म्हातारी बसलेली. कुंभकेतू मांत्रिकानं तिला पाहिलं मात्र, तो जो पळाला तो पळालाच.

आणि चास उडाला.

मातकट पाखरू ते. पंख उघडले आणि त्यांतून निळा फुटला, फिका आणि गडद, पट्ट्यापट्ट्यांनी. पाखराएवढ्या अंगात तो मावला कसा! सबंध बाजार एकदम ओरडला. एक पीस गिरक्या घेत खाली आलं आणि तिसऱ्या करवंटीत पडलं.

"आण इकडे," म्हातारी म्हणाली. "उशीर झालाय. भरभर काढावं लागेल. कुठं बोट हललं तर बोलू नका."

तिनं चिमूट घेतली. एक रेघ ओढली, डोंगराला कड आली. एक चिमूट भुरभुरली, सगळं रान हिरवं. पण कसलं हिरवं! आंब्याचं वेगळं, बाभळीचं वेगळं, शेवाळाचं वेगळं, एकासारखं दुसरं नाही. पोपट उडता उडता रंगले. शेवटी तिनं उरलेलं सगळं मूठभर पश्चिमेला फेकलं आणि आभाळ असं पेटलं की राजा हत्तीवरून उतरला. त्याला कुणी उतर म्हटलं नव्हतं.

गोंदाजी पाहायला थांबला नाही. घराकडे पळत सुटला. वाटेत अंगणातल्या चिंचेपाशी मात्र त्याचा पाय अडला. फूल एवढंसं. त्यावर तांबडी रेघ होती, केसाएवढी. एवढ्या घाईतही चुकवली नव्हती.

आत भागाई चुलीपुढे होती. सगळी होती. तळवा लाल.

"होतात कुठं? भाकरी करपली माझी," ती म्हणाली.

गोंदाजीनं भाकरी हातात घेतली. मधे काळी, मग तपकिरी, कडेला सोनेरी. तो भाकरीकडेच बघत बसला आणि ती गार झाली.

राज्य ताळ्यावर आलं. वेशीतल्या शिळेवर राजानं पुन्हा काही कोरलं नाही. गोंदाजीनं बारा नवे माठ पुरले आणि वर्षभरानं, व्हायचं तेच झालं, बाराही बिघडले. तो बाजारात गेला. काय सांगावं सुचेना, म्हणून घडलं ते सांगितलं: उंबरठा, म्हातारी, रडणारा नाग, हवेतला तळवा.

लोक एव्हाना विसरले होते. तीन दिवस धुकं पडलं होतं एवढंच त्यांना आठवत होतं. लोणचंवालीचा बरणीत घातलेला हात तिथंच राहिला. "गोंदाजी," ती म्हणाली, "एवढी मोठी थाप तर तुझ्या बापानंही नव्हती मारली."

घरी बारा माठांवर तांबूस फेस चढला होता. गोंदाजीनं कापड बुडवलं, बाहेर काढलं, वाऱ्यावर धरलं, आणि ते निळं होईपर्यंत मान वर करून उभा राहिला.