हळदीचे घडे आणि घाटातलं कुंपण

एका राज्यात हळद पिकत असे, आणि डोंगरापलीकडच्या राज्यातही हळदच पिकत असे. राजांना भांडायला आणखी काय लागतं?

अलीकडचा राजा हेमसेन. प्रजेचं कल्याण व्हावं म्हणून त्याने एका जादूगाराकडून तांब्याचा हंडा घेतला, आणि त्या हंड्याच्या मंत्राने भारलेला एकेक घडा घरोघर वाटला. पोतंभर हळद घाटापलीकडे विकावी, घरी येऊन घड्यात हात घालावा, की तेवढीच हळद पुन्हा हाती येई. मग काय विचारता! लोक निम्म्या भावाने विकू लागले. लावणी बंद झाली, खुरपणी बंद झाली. लावणीसाठी राखलेलं बेणंसुद्धा लोकांनी शिजवलं, वाळवलं आणि विकून टाकलं. आयतं मिळालं की शहाण्याचीही अक्कल चरायला जाते.

पलीकडच्या शेतकऱ्यांची हळद मात्र जमिनीतल्या पेवांत पडून राहिली. तेव्हा त्यांचा राजा मेघदत्त याने एका चेटकिणीकरवी घाटात काटेरी कुंपण उभं केलं. एक फांदी तोडावी तर दोन फुटत. दोन्हीकडचे दूत भेटले, चार दिवस बोलले, आणि कुंपण आणखी हातभर वाढलं.

अलीकडच्या गावात गोदाक्का नावाची हळदवाली राहत असे. तिची एकुलती लेक केवडा पलीकडे दिलेली. पोर पहिलटकरीण, आठवा महिना सरत आलेला, आणि सासरी दुसरं बाईमाणूस नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा तर दोन्ही राज्यांचा रिवाज. गोदाक्काच्या जिवाला घोर लागला. ती राजाकडे गेली.

राजा म्हणाला, "कुंपण त्यांचं आहे. त्यांनी काढावं."

"महाराज, बाळ तोवर थांबायचं नाही," असं म्हणून ती तडक घाटात गेली.

कुंपणावर एक साळुंकी बसली होती. त्या घाटातल्या साळुंक्या बोलत असत. ऐकून घेणारेच कमी. ती म्हणाली, "बाई, या काट्यांची मुळं तुमच्या घड्यांत आहेत. तीन कामं कर. आपला घडा फोड. ज्याला बुडवलंस त्याच्याकडे बेणं माग. मग राजाच्या हातून हंडा फोडव."

गोदाक्काने घरी येऊन घडा उंबऱ्यावर आपटला. शेजारणी म्हणाल्या, हिला वेड लागलं. पण तिकडे घाटातल्या कुंपणात हात जाईल एवढं भोक पडलं.

दुसरं काम जड होतं. पलीकडे बेणं जपून होता तो एक शिवाप्पा, केवडाचा सासरा. आणि लेकीच्या सासरचं पाणीदेखील पिऊ नये, अशा घरात गोदाक्काचा जन्म गेलेला. मागायचं तरी कोणत्या तोंडाने? पण लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि तिने घाटात जाऊन भोकातून हाक मारली. शिवाप्पाचा मळा पलीकडे कुंपणालगतच होता.

"व्याहीबुवा, बेणं हवं आहे."

शिवाप्पा कुदळ टाकून भोकापाशी आला. मग म्हणाला, "विहीणबाई, तुमच्या घड्याने माझी तीन सालं खाल्ली."

"खाल्ली. माझंच चुकलं."

"हळद खपत नव्हती, तरी दरसाल लावत राहिलो. बेणं मोडू दिलं नाही. देतो. पण पुन्हा माझा भाव पाडायचा नाही."

"नाही पाडणार," असं म्हणून गोदाक्काने पदर पसरला. भोक वाढून माणूस जाईल एवढं झालं. पण गरोदर बाई काही त्यातून येती ना.

तिसऱ्या दिवशी तिने ते बेणं राजापुढे ओतलं. प्रधान म्हणाला, "हंडा फोडला तर प्रजा एक साल अर्धपोटी राहील."

"राहील," गोदाक्का म्हणाली. "मीही राहीन. महाराज, घड्यातली हळद मागच्या साली मातीत लावून पाहिली. कोंब येत नाही. उद्या हंडा रुसला, तर आपल्याकडे लावायला एक गड्डा नाही."

"मेघदत्त मला हसेल."

"हसू द्या. माझ्या लेकीला नववा लागला आहे."

राजा उठला. प्रधानाकडे न पाहता त्याने गदा उचलली आणि हंडा फोडला. घरोघरचे घडे तडकले आणि कुंपण वाळून मोडून पडलं. हेमसेन घाटात गेला, तर कुंपणाला भोक पडल्याचं कळून मेघदत्त पलीकडे सैन्य घेऊन उभा होता. दोघे राजे तिथेच मातीत बसले आणि ठरवून उठले, की कोणाच्याही हळदीत राजाने जादू मिसळायची नाही.

केवडा बैलगाडीतून माहेरी आली. पाचव्या दिवशी मुलगी झाली, आणि गोदाक्का दाराआड जाऊन पोटभर रडली.

त्या साली अलीकडे पीक नव्हतं. लोकांनी शिव्या दिल्या, आणि बेणं न्यायलाही तिच्याच दारी आले. बारसं जवळ आलं तेव्हा केवडा म्हणाली, "आई, घरात चिमूटभर हळद नाही. मामंजींना सांगू का? ते अशीच पाठवतील."

"अशी नको," गोदाक्का म्हणाली. "विकत मागव. पुऱ्या भावाने."