कडेची जागा

मळणी अजून बैलांच्या खुरांखाली होत होती, त्या काळातली ही गोष्ट. शमुवेलअण्णांच्या खळ्यात चार बैल एका दोरीत मधल्या खांबाभोवती, मेढीभोवती फिरत. मेढीजवळच्या बैलाला लहान फेरा पडे, कडेच्याला सर्वांत मोठा. बैल आपणहून जसे उभे राहत, तसेच अण्णा त्यांना बांधत. मेढीची जागा नायकाची, ही गोठ्याची रीत होती.

त्या वर्षी चांद्या नायक झाला आणि त्याच सुगीत म्हातारा तांबू लंगडू लागला. खळ्यात जो बसेल तो खाटकाकडे जाईल, हे चौघांनाही ठाऊक होतं.

“तांबूकाका, तुम्ही मेढीला लागा,” चांद्या म्हणाला. “मी कडेला जातो.”

कबऱ्या फुसकारला, “वा रे नायक! शेपटाला उभा राहून हुकूम कुणावर चालवणार?”

“अण्णा ज्याची प्रार्थना करतात, जो आपल्यासारख्यांच्या गव्हाणीत जन्मला, त्या धन्यानं कुठली जागा घेतली रे?” चांद्यानं विचारलं.

“आणि त्याचं पुढं काय झालं, तेही ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे,” चांद्या म्हणाला आणि कडेला जाऊन उभा राहिला.

तांबू तगला. चांद्याचे मात्र खूर फुटले, बरगड्या वर आल्या. मळणी संपत आली असताना एका दुपारी तो खळ्यात बसला, तो उठलाच नाही. खाटकानं त्याला गाडीत घालून नेलं.

दुसऱ्या सकाळी नायकपण कबऱ्याकडे आलं. तांबू मेढीपासून बाजूला झाला.

“काका, व्हा माघारी जागेवर,” कबऱ्या खेकसला. मग मान खाली घालून तो कडेला गेला. ऊन तापायला लागलं होतं.