मोरसची तहान

बांधाच्या अलीकडे गोडं पाणी आणि पलीकडे खारं, अशी त्या मुलखाची सरळ वाटणी होती. अलीकडे भाज्यांचा मळा नांदत असे. खाऱ्या पाण्याचा थेंब आत येऊ द्यायचा नाही, हा मळ्याचा कायदा. आणि बांध पोखरणारी कुर्ली खेकडीण ही मळ्याची सगळ्यात मोठी वैरीण.

एका उधाणात मोरस नावाचं एक रोपटं लाटेबरोबर बांधावरून आत येऊन पडलं. खाडीकाठच्या या रानभाजीत शिजवताना मीठ घालावं लागत नाही, एवढंच मळ्याला ऐकून ठाऊक होतं. मग काय, जो तो बघायला! बांधालगतच्या अळूबाईंचा जीव मायाळू. त्यांनी पोरीला आपल्या पायाशी लावून घेतलं.

अळूबाईंना जे जे आवडे, ते सारं मोरसला मिळालं. पाटाचं पहिलं पाणी, कुजलेलं शेणखत, डोक्यावर रुंद पानाची सावली. मोरस आधी लांबलचक वाढली, मग मान टाकू लागली. अळूबाईंनी आणखी पाणी सोडलं. पोर आणखी सुकली.

"पाण्यात उभं राहून कुणी सुकतं का? नखरे नुसते!" पालक म्हणाला.

अळूबाईंना मात्र चैन पडेना. हे असं कशानं होतं, ते त्यांना कळायलाच हवं होतं.

अमावास्येच्या भरतीला कुर्लीच्या बिळातून खारं पाणी पाझरलं. मळ्यात एकच ओरड झाली आणि बीळ बुजवलं गेलं. पण तेवढ्या ओलाव्यानं मोरसनं मान वर केली, ती फक्त अळूबाईंनी पाहिली.

"खरं सांग गं, तुला ते पाणी बरं वाटलं?"

"तहान भागली, काकी."

"खाऱ्यानं? अगं बाई! मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मायेनं पाजत होता."

अळूबाईंना स्वतःचाच फार राग आला. पोरीला उपटून पलीकडे न्यावं, तर एवढ्या अशक्त मुळांनी पुन्हा माती धरली नसती. शेवटी त्यांनी बांधातल्या कुर्लीलाच हाक मारली.

"माझ्या मुळाशी पोखर."

कुर्लीचे आधीच बाहेर असलेले डोळे आणखी बाहेर आले. "बाई, वेड लागलंय का? जळाल तुम्ही!"

"आधी ती जगू दे. बारीकच पोखर, म्हणजे पाणी इतरांपर्यंत जायचं नाही."

पुढच्या भरतीनंतर मोरस ताठ उभी होती. पानं टपोरी, रसानं भरलेली. सगळा मळा कौतुकाला जमला.

"बघा, मानवलं की नाही शेवटी आपलं गोडं पाणी!" पालक म्हणाला. मग त्याचं लक्ष अळूबाईंकडे गेलं. "पण तुमच्या पानांच्या कडा हो कशानं करपल्या?"

"ऊन लागलं असेल," अळूबाई म्हणाल्या, आणि उरलेलं एक हिरवं पान त्यांनी हळूच बिळाच्या तोंडावर ओढून घेतलं.