उष्टा रविवार

एकदा एका गावी एक गृहस्थ राहत असे, आणि त्याच्या घरातल्या कोणालाही कधी वाईट चित्रपट पाहावा लागत नसे. असे भाग्य किती घरांना लाभते? माझ्या घराला तरी लाभलेले नाही. परंतु या गृहस्थाचा नेमच तसा होता. शुक्रवारी नवा चित्रपट लागला की कचेरीतून परस्पर जाऊन तो एकटा पाहून येई. चांगला निघाला, तर रविवारी पत्नीला आणि मुलीला घेऊन पुन्हा जाई. वाईट निघाला, तर त्याचे नावही घरात काढत नसे. कादंबरीचेही तेच. रविवारी संध्याकाळी चहाच्या वेळी तो घरच्यांना कादंबरी मोठ्याने वाचून दाखवी, पण तत्पूर्वी ती शेवटच्या पानापर्यंत वाचून पारखलेली असे. एवढेच कशाला, पत्नी घरी नानखटाई भाजायची, तर पहिल्या घाण्यातली एक तो ओट्यापाशी उभ्याउभ्या तोंडात टाकी, मान डोलावी, आणि मगच ताटली बाहेर जाई.

यामागे हावरटपणा नव्हता, माया होती. मुलगी ऋजुता अगदी लहान असताना तो तिला असाच एका न पाहिलेल्या चित्रपटाला घेऊन गेला होता. त्यात मध्यंतरानंतर एक कुत्र्याचे पिल्लू मेले. पोर इतकी रडली की तिला उचलून बाहेर आणावे लागले, आणि पुढे कित्येक दिवस ती कुत्रा दिसला की बापाच्या पायाला बिलगे. त्या दिवशी त्याने मनाशी ठरवले, आपल्या माणसांपुढे जे जाईल ते आधी आपल्या हाताखालून जाईल. बापाच्या मनाला हे कोण चूक म्हणेल?

आता ज्याने चित्रपट आधी पाहिला आहे त्याच्या शेजारी बसून तो पाहणे, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांच्या गाठी असेल. "आता बघा हं, आता खरी गंमत आहे." "हिच्यावर विश्वास ठेवू नका." "अगं, रडतेस काय, तो जिवंत असतो!" गृहस्थ पडद्याकडे पाहतच नसे. तो पत्नीच्या आणि मुलीच्या चेहऱ्यांकडे पाही, आणि हसण्याच्या जागी त्या हसल्या नाहीत तर मनातून खट्टू होई.

पत्नीचे एक बरे होते, ती विणकाम घेऊन बसायची. ऋजुता मात्र मोठी होत गेली तशी रविवारी तिचे डोके दुखू लागले. कधी अभ्यास निघे, कधी मैत्रिणीचा वाढदिवस. तिच्या मैत्रिणींचे वाढदिवस वर्षातून चार-चारदा येतात हे गृहस्थाच्या लक्षात यायला वेळ लागला. मग तिची बारावी झाली, दूरच्या शहरात प्रवेश मिळाला, आणि जूनमध्ये ती जाणार हे ठरले. हाताशी उन्हाळ्याचे मोजके रविवार उरले, आणि मुलगी तर घरात बसायला तयार नाही. गृहस्थाला अन्न गोड लागेना.

अशाच एका रविवारी तो तिला आणायला तिच्या मैत्रिणीच्या घरी गेला. दार उघडेच होते. आत चार-पाच मुली जमिनीवर लोळत टीव्हीवर एक चित्रपट पाहत होत्या. गृहस्थाने तो ओळखला. इतका टाकाऊ चित्रपट त्याने त्या वर्षात दुसरा पाहिला नव्हता. घरात त्याचा उच्चारही होऊ दिला नव्हता. आणि ऋजुता तो पाहून पोट धरून हसत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते. असे हसताना त्याने तिला कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. तिचे लक्ष गेले तशी ती म्हणाली, "बाबा, ये ना, बस. फक्त काही सांगू नकोस हं."

तो बसला नाही. "चालू दे तुमचं," म्हणून चपला घालून परत फिरला.

त्या गावात त्याचे जुने गुरुजी राहत. शाळेत त्यांनी त्याला संस्कृत शिकवले होते. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात. गुरुजींनी केक भाजायला घेतला. तोही ओव्हनमध्ये नव्हे, तर जुन्या कुकरची शिट्टी काढून, तळाशी वाळू पसरून, तिच्यावर भांडे ठेवून. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "जन्मभर पोरांचं डोकं खाल्लं, आता त्यांना खायला घालून प्रायश्चित्त घेतायत."

गृहस्थाने गुरुजींपुढे मन मोकळे केले आणि शेवटी विचारले, "गुरुजी, माझी निवड कुठेतरी चुकते आहे. याहून चांगलं निवडायला मी कसं शिकू?"

गुरुजींनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "येत्या रविवारी बायकोला आणि मुलीला घेऊन आमच्याकडे ये. केक करू, टीव्हीवर चित्रपट पाहू."

"कोणता?"

"कोणी न पाहिलेला."

"मग मी आधी—"

"तू आधी काही करायचं नाहीस," गुरुजी म्हणाले. "केक मात्र करायला ये हो लवकर. माझे हात दुखतात फेटताना."

ऋजुता यायला कुरकुरली, पण काकूंवर तिचा जीव होता म्हणून आली. स्वयंपाकघरात गृहस्थाने रवा, दही, साखर मन लावून फेटली. गुरुजींनी वेलदोड्याची पूड आणि अक्रोडाचे तुकडे टाकले. सवयीने गृहस्थाचे बोट पिठाकडे गेले, तसे गुरुजींनी पातेले अलगद उचलून कुकरात ठेवले. मग सुगंध सुटला. अंगणात गप्पा मारणारी मंडळी आपोआप आत सरकली. शेजारचे दोघे-तिघे "सहज आलो" म्हणत आले. केक मधोमध थोडा भेगाळला होता, तरी सर्वांनी त्याचे कौतुक केले आणि गुरुजींनी ते निःसंकोच स्वीकारले.

काप झाले, बशा भरल्या. प्रत्येकाच्या हातात बशी गेली. गृहस्थाची बशी मात्र गुरुजींनी स्वतःजवळ ठेवून घेतली. त्यातला काप उचलला, आपल्या कवळीच्या दातांनी त्याचा चांगला मोठा लचका तोडला, डोळे मिटून सावकाश चावला, गिळला. मग उरलेला काप परत बशीत ठेवून ती गृहस्थापुढे धरली.

"उत्तम झालाय. वेलदोडा जरा पुढे आहे, डाव्या बाजूला एक अक्रोड दाताखाली येईल, तेवढा सांभाळ. शेवटचा घास सर्वांत मऊ आहे. घे आता, निर्धास्त खा."

काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, काय हे! शुद्धीवर आहात ना?"

गृहस्थ बशीकडे पाहत राहिला. गुरूंचा अवमान करवेना आणि तो काप तोंडात घालवेना. शेवटी कसाबसा म्हणाला, "गुरुजी, क्षमा करा. पण हे... उष्टं आहे."

"आहे खरं," गुरुजी म्हणाले. "पण मी ते तुझ्या भल्यासाठीच केलं. वाईट निघाला असता तर तुझ्या तोंडाची चव गेली असती. तुझ्यावर माझी माया आहे रे."

गृहस्थाच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू बदलला. त्याने नकळत मुलीकडे पाहिले. ती खाली मान घालून बशीतला चुरा बोटाने गोळा करत होती.

गुरुजींचा स्वर मवाळ झाला. "आपल्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाहीत. मीठ कमी पडेल, तिखट जास्त होईल, हे का बायकांना ठाऊक नसतं? तरी चाखत नाहीत. पहिला घास ज्याचा त्याला मिळावा म्हणून. अळणी निघालं तर अळणी. तू इतकी वर्षं तुझ्या माणसांना चांगलं तेच वाढलंस, याबद्दल वाद नाही. पण प्रत्येक घास आधी आपण चावून मग वाढलास. त्यांना भीती वाटायच्या आधी तू त्यांची समजूत घातलीस, हसू यायच्या आधी तू हसलास. मग त्यांच्या वाट्याला काय उरलं?"

"पण चित्रपट वाईट निघाला तर, गुरुजी? पिल्लू मेलं तर?"

"तर तूही रडशील. ती रडेल, तू तिच्या शेजारी रडशील. त्या दिवशी पोरीला पिल्लाचं दुःख झालंच. तुला वाटलं, त्याला औषध म्हणजे पुढची पिल्लं आधी मोजून ठेवणं. अरे, तिला फक्त शेजारी कोणीतरी हवं होतं. रसिकाला आपला जुना शब्द काय, सांग बघू. वर्गात कितीदा घोकून घेतला होता."

"सहृदय," गृहस्थ पुटपुटला.

"सहृदय. सह. बरोबर असलेला. पुढे जाऊन पाहून आलेला नव्हे."

इतक्यात काकू उठल्या. "झालं का पुराण? चहा गार होतोय. आणि ती बशी द्या इकडे, त्याला दुसरा काप वाढते. तुमची कवळी लागलेलं तुम्हीच संपवा." सगळे हसले. गृहस्थही हसला, आणि गुरुजींनी आपला काप खरोखरच आनंदाने संपवला.

मग चित्रपट. काकूंनी डोळे मिटून रिमोटचे बटण दाबले आणि जो लागला तो लागला. एक मध्यमवयीन माणूस हरवलेल्या भावाला शोधायला निघतो, अशी काहीशी गोष्ट होती. सुरुवातीला गृहस्थाला आपल्या हातांचे काय करावे कळेना. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना खुर्चीत बसणे तो विसरूनच गेला होता. हळूहळू तो पुढे सरकला. नायक अंधाऱ्या विहिरीत उतरू लागला तसा त्याने शेजारी बसलेल्या ऋजुताचा हात घट्ट धरला.

"हा मरणार नाही ना गं?"

"मला काय माहीत, बाबा!" ती म्हणाली. पण हात तिने सोडवून घेतला नाही.

चित्रपट, खरे सांगायचे तर, बेताचाच निघाला. भाऊ सापडला तो अशा ठिकाणी की शेजारच्या पोरानेही जांभई दिली. घरी जाताना तिघे रस्ताभर त्याला नावे ठेवत गेले. पत्नी म्हणाली, एवढं विणकाम झालं असतं. ऋजुता नायकाची चाल करून दाखवू लागली आणि गृहस्थ रस्त्यात थांबून, कंबरेवर हात ठेवून हसला. घर केव्हा आले ते कोणाला कळले नाही.

उरलेले रविवार असेच गेले. काही चित्रपट चांगले निघाले, पुष्कळसे नाहीत. चहाच्या वेळी त्यांनी एक नवी कादंबरी वाचायला घेतली. पाळीपाळीने वाचत, आणि प्रकरण संपले की पुढे काय होईल यावर तिघे कडाडून भांडत. ती अर्धी झाली तोच जून आला. ऋजुता जाताना म्हणाली, "दिवाळीपर्यंत पुढे वाचायचं नाही हं." गृहस्थाने पान दुमडून पुस्तक कपाटात ठेवले. त्या कपाटावरून तो दिवसातून कितीतरी वेळा जाई. एकदोनदा हातही पुढे गेला. पण त्याने ते उघडले नाही, आणि हे माझ्या मते त्याच्या आयुष्यातले सर्वांत मोठे तप होते.

दिवाळीत ऋजुता आली. संध्याकाळी पुस्तक बाहेर निघाले. पत्नीने नानखटाईचा पहिला घाणा काढला आणि ताटली सरळ बाहेर आणली. कोणी चाखली नव्हती. फराळाला आलेल्या मंडळींत ती फिरून आली तेव्हा तीत एकच नानखटाई उरली होती. बाप म्हणाला, तू घे. लेक म्हणाली, तू. मग तिने ती आपल्या ओढणीच्या टोकात गुंडाळली आणि कापडावरून दातांनी तोडली, शाळकरी मुले एकमेकांना खाऊ वाटताना तोडतात तशी. त्याला मुले चिमणीचे दात म्हणतात. तोंड कापडाला लागते, खाऊला लागत नाही. नानखटाईच ती, तिचा अर्धा भुगा ओढणीतच झाला. उरलेल्या दोन तुकड्यांतला एक तिने बापाच्या तळहातावर ठेवला.

"चिमणीच्या दातांनी तोडलंय, बाबा. उष्टं नाही."

गृहस्थाने आपला तुकडा तोंडात घातला, तिने आपला. तूप किंचित जास्त झाले होते. ते त्याला आणि तिला एकाच वेळी कळले, आणि दोघांनी एकदमच आईकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघताय? वाचा पुढे," ती म्हणाली.

त्याने दुमडलेले पान उघडले. पुढे काय आहे ते त्या घरात कोणालाच माहीत नव्हते, आणि याबद्दल तो मनोमन देवाचे आभार मानत वाचू लागला.

आपल्या घरीही आज-उद्या काही शिजेल, काही वाचले जाईल, काही पाहिले जाईल. पहिला घास तेवढा सर्वांनी मिळून घ्यावा.